जावयाला पालाश कमी पडला

आमच्या समाजानं छप्पन साली देव सोडले. खंडोबा सोडला, म्हसोबा सोडला, मरीआईला तर गावाबाहेरच ठेवून आलो. फक्त गडबडीत एक देव सोडायचा राहिला, तो म्हणजे जावई. तो कुणाच्या ध्यानातच आला नाही. आणि आला असता तरी बायकांनी सोडू दिला नसता.

माझी धाकटी बहीण भिमाबाई कोपरगाव तालुक्यात दिलेली. तिचा नवरा रंभाजी. सगळं गाव त्याला आबा म्हणतं. कॅनॉलच्या कडेला एकरभर ऊस, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी आणि बुद्धविहाराच्या समितीचं अध्यक्षपद, अशा तीन गाद्यांवर हा माणूस एकाच वेळी बसायचा. शहाण्णव साली अधिक महिना लागला, तेव्हा आबांनी विहारात उभं राहून सांगितलं, "धोंड्याचा महिना आपल्यात न्हाई. कुनी जावयाला बोलावून धोंडे घालू नये."

घरी आल्यावर भिमाबाईनं पुरणाची डाळ निवडत विचारलं, "झालं का भाषन?"

"झालं. ही डाळ कशाची?"

"जावई येनार हाय."

"अगं, आत्ताच मी सांगून आलोय..."

"अधिक महिना तुमी पाळू नका. मी बी पाळत न्हाई. मी जावई पाळते. छप्पन साली देव सोडले तवा मला इचारलं व्हतं का? मी तवा नाकातला शेंबूड पुसत व्हते."

धोंड्याचा महिना ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दर तीन वर्षांनी जास्तीचा एक महिना येतो. त्यात लेक-जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, वर तेहतीस अनारसे द्यायचे. पुण्य लागतं म्हणतात. पुण्य कुणाला लागतं ते मला सांगता यायचं नाही, पण जे लागलं ते जावयाच्या पायाला लागलं. त्याचीच ही गोष्ट.

जावयाचं नाव सम्राट. राहायचा पाथर्डीच्या पुढं, जिथं पाणी टँकरनं येतं आणि पाहुणा आला तर आधी त्याच्या हातातली कळशी बघतात. खडी क्रशरवर ट्रक भरायचं काम करायचा. अंगानं वाळलेल्या बोंबलासारखा. खायला बसला की मात्र कुठं साठवतो ते कळायचं नाही. हात कायम थरथरायचे, थंडीतही कपाळाला घाम, आणि डोळे जरा बाहेर आलेले. कुणीतरी मागून 'भॉक' केल्यावर माणूस बघतो तसं तो दिवसभर बघायचा. माझी भाची सत्यशीला त्याला दिली ती मी मध्ये पडून. त्यामुळं सोयरीक चांगली झाली तर दोन्ही घरांची पुण्याई, आणि बिघडली तर चूक माझी, असा तो करार होता.

आणि ती बिघडली होती.

झालं असं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सम्राट सत्यशीलाला न्यायला सासुरवाडीला आला. दिवाळीही आमच्यात नाही. पण घरात करंज्या आणि शंकरपाळे योगायोगानं झालेले होते, आणि कारखान्याची साखर पोत्यानं पडलेली होती. भिमाबाईनं आग्रह केला. सम्राटला आग्रहाची गरज नव्हती, तरी केला. रात्री झोपला तो झोपला, सकाळी उठायला गेला तर कंबरेखाली पाय म्हणून जे होतं ते आपलं नाहीच असं झालं. चिमटा काढला तर कळतो, ओरडतो, पण पाय उचलत नाही. दुपारपर्यंत आपोआप हळूहळू पाय आले. तो उठला, चहा प्याला आणि लाजून घरी गेला.

जाताना भिमाबाईनं लाडवांची शिदोरी दिली. ती त्यानं घरी जाऊन एका बैठकीत संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाय गेले.

आता सम्राटची आई लंकाबाई. नवऱ्याच्या मागं एकटीनं पोरगं वाढवलेली बाई. तिचा आवाज असा की ती आपल्या घरात हळू बोलली तरी शेजारणीनं ओ द्यावी. तीही आमच्याच समाजातली, तिच्याही घरात भिंतीवर बाबासाहेब. पण पोराचे पाय गेल्यावर तिनं फोटोकडं पाठ केली आणि शेजारच्या गावच्या छबूबाईला आणलं. छबूबाईच्या अंगात यायचं. कोण यायचं ते ठरलेलं नव्हतं, जो मोकळा असेल तो यायचा. तिनं पायाला अंगारा लावला, घुमली, आणि सांगितलं, "सासुरवाडीच्या अन्नात करनी हाय. सासूच्या हाताला दोष हाय." दुपारी पाय हलले. पाय आपोआपच हलले, पण आपोआपला कुणी नारळ देत नाही. नारळ छबूबाईला मिळाला.

तेव्हापासून लंकाबाईनं हुकूम काढला. सत्यशीला माहेरी जाणार नाही आणि माहेरचा दाणा या घरात येणार नाही. मी समजूत घालायला पाथर्डीला गेलो, तर मला म्हणाली, "मामा, घरी माझ्या हातची बाजरीची भाकर आन् ठेचा खातो तवा पोरगं घोड्यावानी पळतं. तुमच्या बहिनीच्या हातचं खाल्लं की लोळतं. आता तुमीच सांगा, दोष कुनाचा?"

बाईचा हिशोब बरोबर होता. दोन्ही वेळा तसंच झालं होतं.

तर अधिक महिन्यात सम्राट आला तो चोरून आला. सासूच्या स्वयंपाकाचा मोह, दुसरं काय. आईला सांगितलं, "सत्यशीलाचा दात दुखतोय, नगरला दाखवून आनतो." रात्रपाळीला ट्रक भरले, सकाळी अंघोळ केली, बायकोला घेतलं आणि नगरला न थांबता सरळ सासुरवाडी गाठली. दोघं दारात दिसल्यावर भिमाबाई रडली, हसली आणि कढई चढवली, तिन्ही एकदम.

मीही त्या जेवणाला होतो. आबा ताटावर बसताना म्हणाले, "हे धोंडे नव्हं. हे नुसतं जेवन हाय. कुनी विचारलं तर असंच सांगायचं."

"आबा, पुरन हाय आत," सम्राट तोंड भरून म्हणाला.

"पुरनपोळी गोल लाटायची राहिली, म्हनून तशी दिसती. खा तू."

सत्यशीला नवऱ्याच्या ताटाकडं बघत होती. "आई, बास कर. मागच्या येळेला काय झालं ते ठावं हाय ना?"

"मागच्या येळेला थंडी बाधली व्हती," भिमाबाई म्हणाली. "आता थंडी हाय का? जून हाय." आणि तिनं त्याच्या ताटात आणखी दोन धोंडे टाकले, वर तूप, वर गुळवणी. "माझ्या हाताला दोष हाय म्हनं! खा बाबा, खाऊन दाखव तिला."

म्हणजे बघा, त्या ताटात नुसतं पुरण नव्हतं. भिमाबाईची अब्रूही होती, आणि तीही त्यानं संपवायची होती. त्यानं संपवली. वर अनारसे खाल्ले. तेहतीसमधले किती उरले ते सांगत नाही, कारण उरले नव्हते.

सकाळी आतल्या खोलीतून सम्राटची हाक आली, "सत्ये, पाय न्हाईत."

भिमाबाईनं हातातला तांब्या सोडून दिला. सत्यशीला रडली नाही. तिनं त्याच्या पायाला चिमटा काढला, तो ओरडला, तेव्हा म्हणाली, "तेच झालं. दुपारपर्यंत येतील. कुनी काय बी खायला देऊ नका."

पण जावई लोळलाय आणि सासू गप्प बसली, असं आमच्या जिल्ह्यात झालेलं नाही. भिमाबाईला वाटलं, अशक्तपणा आला. तिनं साखरपाणी पाजलं. मग वाटीभर काकवी पाजली. पाय होते तेवढेही गेले आणि हात जड झाले. मग आबांनी श्रीमंतला बोलावलं. श्रीमंत आधी एका डॉक्टरकडं कंपाउंडर होता. डॉक्टर बदलून गेला, श्रीमंत राहिला आणि गावानं त्यालाच डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. त्याच्याकडं सगळ्या आजारांवर एकच उपाय होता. कॅलेंडरच्या खिळ्याला त्यानं ग्लुकोजची बाटली टांगली आणि म्हणाला, "बाटली उतरली की पळायला लागतो का न्हाई बघा."

बाटली अर्धी उतरली आणि सम्राटला मान उचलता येईना.

"श्रीमंत, तुझी बाटली वर चढती का खाली उतरती?" मी विचारलं.

"लकवा दिसतोय," श्रीमंत सुई काढत म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात न्या." आणि तो सायकलवर टांग टाकून गेला.

आम्ही जीप केली आणि कोपरगावात एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथं नव्यानं आलेली डॉक्टरीण होती, वृषाली मॅडम. वयानं आमच्या सत्यशीलापेक्षा फार मोठी नसावी. जीपमधून आम्ही सम्राटला गादीसकट उतरवला. नावासारखा थाट तेवढा एकदाच मिळाला त्याला.

मॅडमनी त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. गळ्याला हात लावून बघितला, हात पुढं धरायला लावले, ते धरता येईनात. छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली, ती बराच वेळ बघितली. मग विचारलं, "काल काय खाल्लं यांनी?"

आबा छताकडं बघायला लागले. ते अध्यक्ष होते.

"बोला ना. काय खाल्लं?"

"धोंडे," सत्यशीला म्हणाली. "आन् अनारसे. आन् गुळवनी. त्याच्या आदल्या रातीला रातभर ट्रक भरले व्हते. आन् आज सकाळी साखरपानी, काकवी आन् बाटली."

"कसली बाटली?"

"ग्लुकोजची."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ज्यानं पडला, तेच पुन्हा नळीतून दिलं." त्यांनी हाताच्या शिरेतून रक्त काढून पलीकडच्या लॅबमध्ये पाठवलं.

रिपोर्ट यायच्या आत लंकाबाई आली. आदल्या संध्याकाळी तिला कळलं होतं की पेटीतली सत्यशीलाची चांगली साडी गेलीय. दात दाखवायला कुणी पैठणी नेत नाही. पहाटेची पहिली एस.टी. धरून ती निघाली, भिमाबाईच्या गावात गेली, शेजाऱ्यांनी दवाखाना सांगितला. ती दारातूनच बोलत आत आली.

"दात नगरला दुखत हुता, तो कोपरगावला कसा निघाला गं?"

सत्यशीलानं डोक्यावरचा पदर ओढला. "आत्याबाई, मी सांगते..."

"तू काय सांगनार? मला दिसतंय की." तिनं पोराच्या उशीखाली लिंबू आणि अंगाऱ्याची पुडी सरकवली आणि भिमाबाईकडं वळली. "पोटात काय घातलं माझ्या पोराच्या?"

"पुरन घातलं! दुसरं काय घालनार? मला काय ईख घालायचं हाय माझ्या लेकीच्या नवऱ्याला?"

"मग तुमचंच खाऊन का लोळतो तो? माझ्या हातचं खाऊन का लोळत न्हाई?"

"तुमच्या घरी लोळायला खायला तरी काय हाय!"

मी मध्ये गेलो. मध्ये जाणं हेच माझं काम होतं. पण लंकाबाईनं माझ्याकडं बोट केलं. "मामा, आज सगळ्यांसमोर सांगते. आज दिवस मावळायच्या आत पोरगं पायावर उभं राहिलं न्हाई, तर तुमची भाची तुमी ठेवून घ्या. माझ्या उंबऱ्यात नको."

दवाखान्यातलं सगळं बाकडं ऐकायला लागलं. सत्यशीलानं सम्राटच्या हातावर हात ठेवला. त्याला बोटं मिटता येत नव्हती, म्हणून तिनंच ती मिटली.

रिपोर्ट आला. मॅडम म्हणाल्या, "पोटॅशियम फार कमी झालंय. साडेतीनच्या खाली गेलं की आम्ही कमी म्हणतो. यांचं दोन आहे."

"ते काय असतं?" आबांनी विचारलं.

"तुम्ही उसाला पालाश टाकता ना? त्यातलंच. त्याच्याशिवाय स्नायू चालत नाहीत."

आबांचे डोळे चमकले. ते त्यांचं क्षेत्र होतं. "म्हंजे पालाश कमी पडला! बघा दादा, पालाश कमी पडला की ऊस लोळतो. म्हनून जावई लोळला."

"म्हंजे हिच्या खान्यानंच झालं ना?" लंकाबाई म्हणाली.

"खाण्यानं झालं," मॅडम म्हणाल्या, "पण करणीनं नाही. नीट ऐका दोघीजणी. तुमच्या गावात लग्नाची पंगत झाली, सगळ्यांनी जिलेबी हाणली, तर नंतर काय होतं?"

"माणसं घरात जाऊन आडवी होतात," मी म्हणालो. त्यात माझा अनुभव मोठा होता.

"बरोबर. गावात माणसं तेवढीच आहेत, कमी झालेली नाहीत. पण रस्त्यावर कुणी नाही. अशा वेळी चावडीवरून हाक मारली तर ओ कोण देणार? पोटॅशियमचं तसंच आहे. ते शरीरातून कुठं गेलं नाही. आधी रात्रभर मेहनत, मग ढीगभर गोड, मग झोप. की ते रक्तातनं उठून स्नायूंच्या आत जाऊन बसतं. रक्तात उरतच नाही. मग डोकं पायाला हुकूम सोडतं आणि पाय ओ देत नाही. तुम्ही त्याला पुन्हा साखरपाणी दिलंत, म्हणजे जे चार जण रस्त्यावर उरले होते त्यांनाही आत नेऊन झोपवलंत."

"पर मग आमी बी तेच खाल्लं," भिमाबाई म्हणाली. "ह्यांनी तर जास्त खाल्लं." आबांनी पुन्हा छताकडं बघितलं.

"सगळ्यांचं असं होत नाही. यांच्या गळ्यातली एक गाठ, थायरॉइडची ग्रंथी, बिघडलेली दिसते. म्हणून घाम, थरथर, डोळे असे, आणि एवढं खाऊन अंगाला लागत नाही. तिची तपासणी करू, गोळ्या देऊ. गाठ ताब्यात आली की हे थांबेल. तोवर गोड बंद. दोष सासूच्या हातात नाही आणि यांच्या हातातही नाही. गळ्यात आहे."

मग त्यांनी पोटॅशियमचं औषध आणलं. टोपणानं मोजून, पाण्यात मिसळून घोटभर पाजलं. सम्राटचं तोंड असं झालं की त्याला लकवा तोंडालाच झाला असं वाटावं. "थोड्या वेळानं पुन्हा पट्टी काढू, मग पुन्हा देऊ. घाई करायची नाही," म्हणून मॅडम बाहेरच्या पेशंटकडं गेल्या.

आता दुपार कलत चालली होती आणि लंकाबाई खिडकीतून ऊन बघत होती. आबा येरझारा घालत होते.

"एवढंसं?" ते म्हणाले. "आपन एकराला पोतं टाकतो."

"माझं पोरगं काय एकरभर हाय का?" लंकाबाई म्हणाली. पण नंतर थोडं थांबून हळूच विचारलं, "पर व्हय हो आबा, पालाश म्हंजे तेच का? ह्येच ते?"

"तेच की. म्याडमनीच सांगितलं. लालसर मिठावानी असतं."

"मग थोडं थोडं का देत्यात?"

"दवाखाना हाय. त्यांना बिल वाढवायचं असतं."

जन्मात या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. एक अंगाऱ्यावर विश्वास ठेवणारी, एक कशावरच न ठेवणारा. पण खतावर दोघांचा विश्वास बसला. मी चहा प्यायला बाहेर गेलो होतो, परत आलो तेव्हा आबा समोरच्या खताच्या दुकानातून मूठभर पालाश पुडीत घेऊन आले होते. दुकानदार ओळखीचा. वर कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाच्या रसाचा मोठा ग्लास. पालाश नुसतं कसं खाणार, म्हणून रसात. ग्लासात चमचा फिरत होता आणि तळाला लाल गाळ फिरत होता.

लंकाबाईनं पोराची मान मांडीवर घेतली. "घे बाबा, एका दमात पी. दिवस मावळायला आला."

सम्राटनं ओठ मिटले. तेवढेच त्याच्या ताब्यात होते.

"तोंड उघड. आबा काय तुझं वाईट करनार हाय का?"

भिमाबाई हात जोडून उभी. कुणाला हात जोडले होते ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सत्यशीला औषधाचा पेला धुवायला गेली होती. ती आली, तिनं ग्लास बघितला आणि वर पंजा ठेवला.

"हे काय हाय?"

"पालाश. बाजूला हो."

"म्याडमनी मोजून दिला."

"त्यांचा हात आखडता हाय. बाजूला हो म्हन्ते ना! माझं पोरगं हाय."

"तुमचं पोरगं हाय, माझा नवरा हाय. तुमाला दुसरं न्हाई आन् मला बी दुसरा न्हाई. टोपनानं मोजून देत्यात त्याला काय तरी कारन आसंल. आत्याबाई, तुमी भाकरीत मीठ मुठीनं घालता का चिमटीनं?"

लंकाबाईचा हात थांबला. आबा म्हणाले, "पोरी, मला शेतीतलं कळतं..."

"आबा, तो ऊस न्हाई." आणि तिनं ग्लास ओढून घेतला. निम्मा रस तिच्या साडीवर सांडला. पैठणीवर. ती तशीच ग्लास घेऊन मॅडमकडं निघाली, तर मॅडम दारातच उभ्या.

त्यांनी ग्लास घेतला, वास घेतला, तळाचा गाळ बघितला. "हे यातलं किती पाजलं?"

"थेंब बी न्हाई," सत्यशीला म्हणाली.

मॅडम तिथंच स्टुलावर बसल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला. लंकाबाईला लाजवेल असा आवाज, त्या एवढ्याशा बाईत कुठून आला कोण जाणे. "आबा, उसाला पालाश जास्त झाला तर काय होतं?"

"काय न्हाई. खत वाया जातं."

"माणसाला जास्त झाला तर माणूस वाया जातो! कमी पडलं तर पाय थांबतात. जास्त झालं तर हृदय थांबतं. आणि त्याला सकाळपर्यंत वाट बघावी लागत नाही. मी सांगितलं ना, यांचं पोटॅशियम आतच आहे. ती झोपलेली माणसं आता उठून घराबाहेर यायला लागतील. तेव्हाच तुम्ही बाहेरून आणखी जत्रा आणून त्याच गल्लीत सोडली तर? चेंगराचेंगरी होईल. आणि हृदय त्याच गल्लीत राहतं. म्हणून मी टोपणानं देते आणि दर वेळी पट्टी काढून बघते."

आबांनी हातातली उरलेली पुडी खिशात घालायला नेली, मग खिशाकडं बघून ती बाहेरच्या कुंडीत रिकामी केली. त्या कुंडीतली जास्वंद पुढं मेली, असं मला नंतर दवाखान्यातल्या आयानं सांगितलं. जत्रा जास्वंदीवर गेली.

मॅडमनी पुन्हा पट्टी काढली, पुन्हा टोपणभर औषध दिलं. लंकाबाई खाली भिंतीला टेकून बसली. मग ती सत्यशीलाला म्हणाली, "पाजलं असतं मी. माझ्या हातानं."

"पाजलं न्हाई ना. झालं तर."

ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं तेव्हा सम्राट म्हणाला, "अंगठा हलतोय."

सगळे वाकले. उजव्या पायाचा अंगठा हलत होता, बैलाच्या कानासारखा. मग पंजा, मग गुडघा. दिवस मावळायच्या जरा आधी तो माझ्या आणि आबांच्या खांद्यांवर हात टाकून उभा राहिला. पाय लटपटत होते, पण होते. लंकाबाईनं उशीखालचं लिंबू हळूच काढून कनवटीला लावलं.

"अंगाऱ्यानं उठला का औषधानं?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"अंगारा बी हुताच की उशीखाली," ती म्हणाली. "गुन द्यायला काय दोघांना बंदी हाय का?"

"बरं. मग पोरीचं काय? तुमी बोलला व्हता."

ती पदरानं नाक पुसत उठली, सत्यशीलाच्या साडीवरचा रसाचा डाग चिमटीत धरून बघितला आणि भिमाबाईला म्हणाली, "ही तुमच्या घरात कुनावर गेली हो? तुमी घालताना हात मोजत न्हाई, आबा तर पोतंच वततात. ही एकली चिमटीनं चालती." मग माझ्याकडं वळून, "पोरगी न्हेते मी मामा. माझ्या घरात एक तरी मानूस मोजून वागनारं पायजे. पर सांगून ठेवते. जावई हितं आला तर त्याला बाजरीची भाकर आन् ठेचा. गोडाचा कन न्हाई."

भिमाबाईला करणीचा आळ परवडला असता, हे नाही परवडलं. "जावयाला भाकर-ठेचा?" ती म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, सासूला अक्कल आली."

पुढं गाठीची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. वर्षभरात सम्राटचं अंग भरलं, हात थरथरायचे थांबले, डोळे आत गेले. आता तो कुणी 'भॉक' केलं तरच दचकतो. पाय पुन्हा गेले नाहीत. छबूबाईकडं लंकाबाई अजून जाते. म्हणते, पायाचं डॉक्टरला कळलं, पण सत्यशीलाच्या दाताचं अजून कुणाला कळलं नाही.

तीन वर्षांनी धोंड्याचा महिना पुन्हा आला. आबांनी विहारात तेच भाषण केलं, भिमाबाईनं तीच डाळ निवडली. मॅडमनी सम्राटला बेतानं गोड खायची मुभा दिली होती. पण लंकाबाईला मुभेचा भरवसा नव्हता. ती राखणीला बरोबर आली आणि सम्राटच्या ताटाशेजारी मांडी घालून बसली. भिमाबाईनं धोंडा वाढला की लंकाबाई तो उचलून आपल्या ताटात घ्यायची. "ह्याला नको. मला चालतं. माझ्या गळ्यात गाठ न्हाई."

"घ्या की. अजून घ्या," भिमाबाई म्हणाली. आग्रहाला माणूस मिळालं होतं.

असं करत सगळे धोंडे लंकाबाईच्या ताटात गेले, मग अनारसेही गेले. "हाताला चव हाय तुमच्या," एवढंच एकदा म्हणाली, ते पण तोंड भरलेलं असताना, म्हणजे नंतर नाकारता येईल. मग ओसरीवर आडवी झाली आणि घोरायला लागली.

दिवे लागायची वेळ झाली तरी ती उठेना. आबांनी एकदा डोकावून बघितलं. भिमाबाईनं दोनदा बघितलं. सम्राटचा चेहरा उतरला.

शेवटी सत्यशीला गेली, सासूच्या पायाशी बसली आणि तळव्याला जोरात चिमटा काढला. "आत्याबाई, पाय हलवा."

लंकाबाईनं पाय हलवला. लाथ सरळ आबांच्या तांब्याला बसली आणि तांब्या अंगणात गेला.

"हलतोय," सत्यशीला आत ओरडून म्हणाली. "आई, चहा ठेव. साखर बेतानं."